दोरीच्या पुढचं माणूस

वर जाणाऱ्या प्रत्येकाला कोणीतरी ओढावं लागतं, ही सोय निसर्गानेच करून ठेवलेली आहे. पाणी पंप ओढतो, लिफ्ट तार ओढते आणि माणसाला ओळख ओढते. ओढणाऱ्याने मात्र वर रेंगाळायचं नसतं. काम झालं की खाली यायचं आणि पुढच्याला घ्यायचं. हा नियम सगळीकडेच पाळला जातो. पण तो लेखी, शिक्क्यासह आणि परिशिष्टांसह पाळणारी संस्था एकच, ती म्हणजे ग्लायडर क्लब.

ग्लायडर म्हणजे इंजिन नसलेलं विमान. लांबलचक पांढरे पंख, आत एक माणूस आणि आवाज अजिबात नाही. (आवाज उतरल्यावर सुरू होतो, आणि तो आतल्या माणसाचा असतो.) त्याला स्वतःच्या जोरावर जमीन सोडता येत नाही. म्हणून पुढे इंजिनचं छोटं विमान उभं करतात, मध्ये लांब दोरी लावतात, आणि ते विमान ग्लायडरला ओढत वर नेतं. पुरेशी उंची आली की मागचा आपल्याकडची कडी सोडतो आणि घारीसारखा घिरट्या घालत बसतो. पुढचा दोरी लोंबकळवत खाली येतो. मागच्याला वैमानिक म्हणतात. पुढच्याला टो-पायलट म्हणतात, आणि तेही हाक मारायची वेळ आली तरच.

या क्लबात ओढायचं विमान एकच होतं. रंग उडालेलं, दणकट आणि कशालाही नाही न म्हणणारं. त्याला सगळे हमाल म्हणत. ते चालवायला माणूसही एकच होता, दोरीकाका. दोरीकाकांनी उभी हयात दुसऱ्यांना वर सोडून खाली येण्यात घालवली होती. पुढे डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना भिंतीवरचा तक्ता वाचायला सांगितला, तेव्हा त्यांनी तक्ता कुठे आहे असं विचारलं. त्यामुळे त्यांची नेमणूक परीक्षक म्हणून करण्यात आली.

आता नवा टो-पायलट हवा होता. क्लबच्या आकडेवारीप्रमाणे या कामासाठी पुढे येणाऱ्या इच्छुकांपैकी चाळीस टक्के पहिल्या व्याख्यानात झोपतात, चाळीस टक्के जागे राहतात म्हणून निघून जातात, आणि उरलेले वीस टक्के म्हणजे मास्तरीणबाई.

मास्तरीणबाई मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवत. तिथल्या गाडीला दोन ब्रेक होते, एक शिकणाऱ्याच्या पायाखाली आणि एक बाईंच्या. बाईंचा उजवा पाय इतकी वर्षं त्या दुसऱ्या ब्रेकवर होता की घरी जेवतानाही समोरच्याने घाईने घास घेतला तर तो आपोआप जमिनीवर दाबला जाई. गाडी रोज त्याच चार गल्ल्यांतून फिरे. चढ, वळण, रिव्हर्स, पार्किंग, आणि पुन्हा चढ. शेकडो माणसं बाईंच्या हाताखाली शिकून दूर दूर गेली. बाई चढापर्यंत.

म्हणून त्यांनी विमान शिकायचं मनावर घेतलं होतं. शिकल्या, छोट्या विमानाचा परवाना मिळवला, आणि मग त्यांना कळलं की परवाना जिवंत ठेवायला उडत राहावं लागतं आणि उडायला दर वेळी विमान भाड्याने घ्यावं लागतं. नवऱ्याचं शिवणकाम आणि बाईंचं स्कूल मिळून घर नीट चालत होतं, पण विमान चालेल इतकं काही चालत नव्हतं. परवाना या हंगामाच्या अखेरीस संपणार होता. फुकटात उडायचा जगात एकच सन्माननीय मार्ग होता, दुसऱ्याला ओढायचा.

बाईंनी हे घरी सांगितलं तेव्हा नवऱ्याने शिलाई मशीन थांबवून सगळं ऐकून घेतलं आणि जा म्हणाला. सासूबाईंनी मात्र खोलात जाऊन चौकशी केली.

"म्हणजे दुसऱ्याला तू वर न्यायचंस."

"हो आई."

"आणि तो वर गेला की तू खाली यायचंस."

"हो."

"आणि नाव त्याचं."

"हो आई, तसंच असतं ते."

"मग त्यात शिकायचं काय आहे," सासूबाई म्हणाल्या. "लग्न होऊन या घरात आल्यापासून मी तेच करतेय. मला कोणी सर्टिफिकेट नाही दिलं."

क्लबची प्रशिक्षणपद्धती आदर्श होती यात वाद नाही. ती प्रशिक्षणप्रमुखांनी स्वतः रचली होती. प्रशिक्षणप्रमुख हे शिस्तीचे गृहस्थ. ते कधी उडत नसत, कारण नियमावलीप्रमाणे उडण्यापूर्वी जी तयारी करायला हवी ती पूर्ण होईपर्यंत त्यांच्या अनुभवाने दर वेळी संध्याकाळ होई. नियमावलीवर मात्र त्यांचं पोटच्या पोरासारखं प्रेम होतं.

अभ्यासक्रमाचे टप्पे असे होते. पहिला टप्पा, 'मागच्याचे मन'. यात उमेदवाराला दोन जणांच्या शिकाऊ ग्लायडरमध्ये बसवून वर नेत, म्हणजे ओढल्या जाणाऱ्याला काय वाटतं ते त्याला कळावं. (पुढच्याचे मन हा विषय अभ्यासक्रमात नव्हता. तो असतो याची क्लबला कल्पना नव्हती.) दुसरा टप्पा, आरसा. हमालच्या पंखावर एक गोल आरसा बसवलेला होता, त्यात मागचा ग्लायडर दिसे. टो-पायलटने एक डोळा पुढे आणि एक डोळा आरशात ठेवावा, असं नियमावली सांगे. तिसरा डोळा कशावर ठेवावा याबद्दल समितीत मतभेद होते, म्हणून ते कलम रिकामं सोडलं होतं. तिसरा टप्पा, दोरी. दोरी कशी गुंडाळावी, कशी तपासावी, ती घेऊन कसं उतरावं, आणि मुख्य म्हणजे ती परत कशी आणावी. दोरी ही क्लबची मालमत्ता असून टो-पायलट हा सभासद आहे, हा फरक उमेदवाराच्या मनावर पहिल्याच दिवशी ठसवत.

चौथा टप्पा, पिवळी मूठ. ही हमालमध्ये पायलटच्या गुडघ्याजवळ असते. ती ओढली की दोरी पुढच्या बाजूने सुटते आणि मागचा आपापलं बघून घेतो. मूठ ठेवायचं कारण असं की मागचा माणूस कधी कधी लक्ष चुकवतो आणि दोरीच्या वरच्या बाजूला फार चढतो. मग दोरी हमालची शेपटी वर उचलू लागते, शेपटी वर गेली की नाक खाली जातं, आणि नाक खाली गेलं की पुढे फारसं काही शिकवण्यासारखं उरत नाही. म्हणून नियमावलीत मुठीवर एक संपूर्ण प्रकरण होतं. कलम क: धोका दिसताच मूठ ओढण्याचा टो-पायलटला पूर्ण व निर्विवाद अधिकार आहे. कलम ख: हा अधिकार वापरण्यापूर्वी मागील सभासदाचा दर्जा विचारात घ्यावा.

"दर्जा बघत बसले तर उशीर नाही का होणार?" बाईंनी व्याख्यानात विचारलं.

प्रशिक्षणप्रमुखांनी प्रश्नाचं कौतुक केलं. नंतर ते म्हणाले की म्हणूनच उमेदवाराने सर्व सभासदांचा दर्जा जमिनीवर असतानाच पाठ करायचा असतो.

बाईंनी पाठ केला. सगळ्यात वर अध्यक्ष होते. मग थोडी जागा सोडून बाकीचे.

अध्यक्षांचा ग्लायडर सगळ्यांत लांब पंखांचा आणि सगळ्यांत पांढरा. अध्यक्ष दर रविवारी वर जात आणि उतरल्यावर, आज वाऱ्याशी आपलं कसं जमलं, हे चहाच्या टेबलावर सांगत. त्या वृत्तांतात ते एकदम आकाशातच असत. तिथे ते कसे पोहोचले हा भाग दोरीकाकांनी एकदा मध्येच घालायचा प्रयत्न केला होता. अध्यक्ष म्हणाले होते, "काका, रंगात आलेली गोष्ट मागे नेऊ नका."

हमालमध्ये शेजारी बसून दोरीकाकांनी बाईंना प्रत्यक्ष ओढणं शिकवलं. ते शिक्षक म्हणून चांगले होते. उड्डाण होईपर्यंत सूचना देत, आणि चाकं जमिनीवरून सुटली की झोपत. बाईंना हे नवीन होतं. त्यांचा जन्म दुसऱ्याच्या चुकीवर पाय ठेवून बसण्यात गेला होता. इथे शिकवणारा घोरत होता, मागचा माणूस दोरीच्या टोकाला हवा तसा डुलत होता, आणि त्याला आवरायला दुसरा ब्रेक कुठेच नव्हता. पहिल्या काही फेऱ्यांत त्यांचा उजवा पाय सारखा काहीतरी शोधत राहिला. मग हळूहळू त्यांना त्यात मजा वाटू लागली. आरशात तो पांढरा पक्षी मागे मागे येतो आहे, खाली आपल्या चार गल्ल्या काड्यापेटीएवढ्या दिसताहेत, आणि तो चढ, ज्यावर आयुष्यभर लोकांची गाडी बंद पडली, तो वरून पाहिला तर चढ नव्हताच. सपाट होता. बाई एकट्याच हसल्या. दोरीकाकांनी झोपेत कूस बदलली.

एवढं सगळं येऊनही परीक्षा राहिली होती, आणि परीक्षा तीनदाच देता येई. दोनदा देऊन झाली होती. पहिल्या वेळी ऐन परीक्षेच्या दिवशी लक्षात आलं की परीक्षक म्हणून दोरीकाकांची मुदत संपली आहे. अशा प्रसंगी कोणीतरी नापास होणं आवश्यक होतं. परीक्षकाला नापास करण्याची तरतूद नसल्यामुळे बाईंना करण्यात आलं. दुसऱ्या वेळी सगळं व्यवस्थित झालं. बाईंनी अध्यक्षांना सांगितलेल्या उंचीवर, सांगितलेल्या जागी अलगद नेऊन सोडलं. पण त्या दिवशी हवा थंड होती, वर उचलणारा वारा कुठेच मिळेना, आणि अध्यक्ष दहा मिनिटांत खाली आले. त्यांनी शेरा दिला, 'ओढण्यात जिव्हाळा नव्हता.' परीक्षा गेली.

तिसरी आणि शेवटची परीक्षा हंगामाच्या शेवटच्या रविवारी होती. ही गेली की टो-पायलटचं काम गेलं, काम गेलं की उडणं गेलं, आणि उडणं गेलं की परवाना गेला. मग पुन्हा चढ, वळण, रिव्हर्स, पार्किंग. नवरा एका लग्नाच्या कपड्यांत अडकला होता म्हणून सोबतीला सासूबाई आल्या. त्यांनी मैदानाच्या कडेला झाडाखाली खुर्ची मागून घेतली, पाण्याची बाटली शेजारी ठेवली आणि हे सगळं किती वेळ चालतं असं आजूबाजूला विचारलं.

मैदान साधं होतं. मधोमध धावपट्टी, दोन्ही बाजूंना पंख पसरून उभे केलेले ग्लायडर, पलीकडे सभासदांच्या गाड्या. परीक्षेत उमेदवाराने हमालमध्ये एकट्याने बसायचं, मागे अध्यक्ष, आणि परीक्षकाने खालून दुर्बिणीने निरीक्षण करायचं. हमालमध्ये पेट्रोल नेहमीसारखं मोजकंच भरलं होतं, कारण ओढणाऱ्याने स्वतःचा भार वाढवू नये असा संकेत होता.

अध्यक्षांनी त्या दिवशी आपल्या ग्लायडरमध्ये, डोक्याच्या जरा उजवीकडे, मोबाइल चिकटवला होता. क्लबच्या प्रगतीवर चार शब्द आकाशातून बोलून चित्रित करावेत अशी त्यांची इच्छा होती.

बाईंनी दोरी तपासली, आरसा पुसला, इंजिन वाढवलं. हमाल धावला, ग्लायडर मागे धावला, आधी तो हवेत आला, मग हमाल. कुंपण खाली गेलं, घरांच्या छपरावरच्या पाण्याच्या टाक्या खाली गेल्या. आरशात ग्लायडर अगदी मधोमध होता, भिंतीवर लावलेल्या चित्रासारखा.

मग अध्यक्षांनी भाषणाला सुरुवात केली असावी.

आरशातलं चित्र वर सरकलं. आधी ग्लायडरचं नाक दिसेनासं झालं, मग पोट दिसू लागलं, मग नुसतं चाक दिसलं, मग आरशात स्वच्छ आकाश. हमालची शेपटी कोणीतरी मागून धरून उचलावी तशी उठली. बाईंनी नाक वर घ्यायला दांडा पोटाशी ओढला. नाक तरीही खालीच चाललं. समोरच्या काचेत आधी आकाश होतं तिथे आता पाण्याच्या टाक्या आल्या आणि त्या मोठ्या होऊ लागल्या. बाईंचा उजवा पाय आपोआप जोरात दाबला गेला. तिथे काहीच नव्हतं. तेव्हा हात गुडघ्याजवळ गेला. मागील सभासदाचा दर्जा बाईंना पाठ होता, पण त्या क्षणी आठवला नाही.

त्यांनी मूठ ओढली.

यानंतर जे घडलं ते क्लबच्या इतिहासात अपूर्व आहे. अध्यक्ष 'आपण सर्वांनी मिळून ही जी उंची गाठली आहे' या वाक्यात असताना समोरून हमाल नाहीसा झाला आणि दोरीचं एक टोक त्यांच्याच नाकाला लोंबकळत राहिलं. त्यांना घारीसारखं फिरायला वर सोडलं जाईल अशी अपेक्षा होती. त्याऐवजी ते घरांवर होते आणि खाली येत होते. तरीही त्यांनी प्रसंगावधान राखून ग्लायडर वळवला आणि मैदानाच्या दिशेने आणला. लोंबणारी दोरी सोडायची मात्र राहिली. कुंपणावरून येताना ती 'परवानगीशिवाय आत येऊ नये' या पाटीत अडकली. पाटी उपटली गेली. ग्लायडर धावपट्टीच्या बरोबर मधोमध थांबला, आणि त्यामागोमाग उड्या मारत पाटी आली. अशा रीतीने अध्यक्षांनी आयुष्यात प्रथमच काहीतरी ओढून आणलं.

सगळं मैदान धावत सुटलं. अध्यक्षांना हाताला धरून बाहेर काढण्यात आलं. त्यांना काही झालं नव्हतं, फक्त उतरताना पाय किंचित मुरगळला आणि मोबाइल सापडत नव्हता. कोणी पाणी आणलं, कोणी रुमालाने वारा घातला, कोणी मोबाइल शोधला. कँटीनवाल्याने चहा आणला. पहिल्या कपात साखर कमी होती म्हणून दुसरा आणला. प्रशिक्षणप्रमुखांनी अध्यक्षांना काय वाटलं, आधी काय वाटलं आणि नंतर काय वाटलं, अशा तीन भागांत विचारपूस केली.

मग त्यांनी नियम वाचून दाखवला. घटनास्थळावरची कोणतीही वस्तू चौकशी पूर्ण होईपर्यंत हलवू नये. अध्यक्ष हे घटनेचे प्रमुख असल्याने त्यांनाही हलवता येत नव्हतं. तेव्हा चौकशी समिती तिथेच, धावपट्टीवर, ग्लायडरच्या पंखाच्या सावलीत बसली. कार्यालयातून टेबल आणलं, खुर्च्या आणल्या, अध्यक्षांच्या पायाखाली उशी दिली. टेबलावर क्लबचा रेडिओ होता. त्यातून मध्येच आवाज येऊन कामकाजात व्यत्यय येत होता, म्हणून तो बंद करण्यात आला.

चौकशी नमुनेदार झाली. परीक्षक म्हणून दोरीकाकांची साक्ष आधी घेतली. आपण संपूर्ण उड्डाण दुर्बिणीतून बारकाईने पाहिलं आणि ते निर्दोष होतं, असं ते म्हणाले. खोदून विचारल्यावर असं निष्पन्न झालं की ती घार होती.

उमेदवारावर आरोप दोन होते. एक, अध्यक्षांना अर्ध्या वाटेत सोडलं. दोन, दोरी परत आणली नाही. दुसऱ्या आरोपावर एकाने अशी बाजू मांडली की दोरी परत आलेली आहे, ती अध्यक्षांनी आणली. त्यावर प्रशिक्षणप्रमुख म्हणाले की ते अध्यक्षांचं श्रेय आहे, उमेदवाराचं नाही, आणि त्याची नोंद अभिनंदनाच्या ठरावात घेतली.

पहिल्या आरोपाला वेळ लागला. मूठ ओढली नसती तर काय झालं असतं, असं कोणीतरी विचारलं. दोरीकाका म्हणाले, हमाल छपरावर गेला असता. म्हणजे उमेदवाराने कलम ख नीट पाळलं असतं. "अशा परिस्थितीत ती उत्तीर्ण ठरली असती," प्रशिक्षणप्रमुख म्हणाले. मग ते थबकले. उत्तीर्ण होण्यासाठी उमेदवार जिवंत असणं आवश्यक आहे काय, यावर नियमावलीत काहीच नव्हतं. त्यांनी ही उणीव मोठ्या मनाने मान्य केली आणि ती दूर करण्यासाठी एक उपसमिती नेमली. उपसमितीसाठी आणखी दोन खुर्च्या मागवल्या.

अखेर निकाल द्यायची वेळ आली. सर्वांचा कल नापासकडे होता. नियमाप्रमाणे निकाल उमेदवारासमोर वाचायचा असतो, म्हणून प्रशिक्षणप्रमुखांनी उभं राहून उमेदवाराला पुकारलं. उमेदवार आली नाही. पुन्हा पुकारलं. गैरहजेरी मांडावी अशी सूचना आली, तिला अनुमोदनही मिळालं.

तेवढ्यात झाडाखालून सासूबाई खुर्च्यांतून वाट काढत आल्या.

"सून कुठंय माझी?"

"आजी, सभा चालू आहे," प्रशिक्षणप्रमुख म्हणाले.

"चालू द्या. माझी मान दुखायला लागली वर बघून बघून. ती कधीची फेऱ्या मारतेय. तिनं उतरायचं कुठं?"

"धावपट्टीवर. नियमाप्रमाणे."

"धावपट्टीवर तुम्ही चहा पिताय."

समितीने माना वर केल्या. मैदानाच्या वर, बऱ्यापैकी उंचावर, हमाल घिरट्या घालत होता. दोन्ही बाजूंच्या गवतात ग्लायडर होते आणि पलीकडे गाड्या. उतरायला जागा होती ती फक्त समितीची.

वर बाईंना सगळं स्पष्ट दिसत होतं. ग्लायडर उतरला, माणूस बाहेर आला, चालला, तेव्हा त्यांच्या छातीवरचा दगड उतरला होता. नंतर त्यांनी रेडिओवर सांगितलं की ग्लायडर बाजूला घ्या, मी येतेय. खालून उत्तराऐवजी टेबल आलं. त्यांनी पुन्हा सांगितलं, तेव्हा रेडिओ गप्प झाला. मग खुर्च्या आल्या, नंतर आणखी दोन. बाईंनी इंजिन कमी केलं आणि जमेल तितकं पेट्रोल वाचवत हळू फिरत राहिल्या. रस्त्यात मधोमध गाडी बंद पाडून स्टिअरिंगला घट्ट धरून बसलेली माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. अशा वेळी हॉर्न वाजवून उपयोग नसतो, माणूस आणखी घाबरतो. फक्त पेट्रोलचा काटा आता त्यांना आवडेनासा झाला होता.

खाली कोणीतरी खुर्ची उचलणार तेवढ्यात प्रशिक्षणप्रमुखांनी हात वर केला. त्यांच्या लक्षात एक गंभीर बाब आली होती. उमेदवार नापास आहे असा सर्वांचा कल झालेला आहे. नापास व्यक्तीला एकटीने हमाल चालवण्याचा अधिकार नाही. चालवण्यात उतरवणं येतं. म्हणजे आता तिला उतरू देणं हे नियमाचं उल्लंघन होईल.

"मग काय, वरच ठेवणार का तिला?" सासूबाईंनी विचारलं.

"तसा पर्याय आहे," प्रशिक्षणप्रमुख म्हणाले, "पण मर्यादित काळापुरता."

समितीने दोन्ही बाजूंनी विचार केला. नापास केलं तर हमाल कायदेशीररीत्या खाली येऊ शकत नाही. हमाल आला नाही तर पुढच्या हंगामात अध्यक्ष वर जाऊ शकत नाहीत. हे ऐकून अध्यक्षांनी उशीवरचा पाय खाली घेतला. ते म्हणाले की त्यांना व्यक्तिशः त्या बाईंच्या ओढण्यात पहिल्यापासूनच एक प्रकारचा जिव्हाळा जाणवत आला आहे. ठराव तत्काळ मांडला गेला. बाजूने, सर्व. विरुद्ध, कोणी नाही. हवेत, एक.

मग मात्र समिती झटक्यात हलली. टेबल गेलं, खुर्च्या गेल्या, ग्लायडर ढकलत कडेला नेला. अध्यक्ष मुरगळलेल्या पायाने सगळ्यांच्या पुढे पळाले. हमाल वळला, कुंपणावरून आला, चाकं अलगद टेकली, आणि धावपट्टीच्या टोकाला जाऊन इंजिन आपणहून थांबलं. बाईंना ते बंद करावं लागलं नाही.

प्रशिक्षणप्रमुखांनी तिथेच हात जोडून उत्तीर्ण झाल्याचं सांगितलं. बाई मग खाली उतरल्या, हमालच्या नाकावर हात ठेवून उभ्या राहिल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले. सासूबाईंनी पाण्याची बाटली पुढे केली. "पी आधी," त्या म्हणाल्या. "रडायचं ते घरी जाऊन, निवांत."

अध्यक्ष लंगडत जवळ आले. हवा आता चांगली तापली होती, वर उचलणारा वारा सुरू झाला होता. त्यांनी विचारलं की लगेच एक फेरी होईल का.

"आधी हमालला पेट्रोल," नव्या टो-पायलट म्हणाल्या. "मग मला चहा. मग तुम्ही."

दर्जाचा हा नवा क्रम कोणीही नियमावलीत तपासला नाही. त्या दिवशी अध्यक्ष भरपूर उंच गेले आणि उतरल्यावर त्यांनी चहाच्या टेबलावर सगळं सविस्तर सांगितलं.

आता राहिला प्रश्न रिकाम्या जागांचा. उपसमिती नेमल्यामुळे क्लबच्या समितीत काही जागा भरायच्या आहेत. त्यासाठी अर्ज, परीक्षा किंवा मुलाखत नाही. मूठ ओढल्यापासून सासूबाई येईपर्यंत बाई वर एकट्या होत्या. त्या वेळात ज्या वाचकांनी अध्यक्षांचा पाय, त्यांचा मोबाइल आणि दुसऱ्या कपातली साखर इथवर सगळं मन लावून वाचलं, आणि एकदाही मान वर केली नाही, त्या सर्वांची निवड झालेली आहे. खुर्च्या तयार आहेत.